संशोधनाला आलेले पाव्हणे

संशोधनाला शिक्षण लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या घरी येऊन एक कप चहा घ्यावा आणि मग बोलावं. संशोधनाला लागतं तोंड. शिक्षण लागतं ते नंतर, आलेलं लिहून काढायला. ते आमच्या तनुजाकडं आहे. तोंड माझ्याकडं आहे, आणि ते कसं चालतं याबद्दल नांदेडात तरी कोणाला शंका नाही.

तनुजा माझी नात. एम.बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिला एक प्रोजेक्ट करायचा होता, त्याचं नाव होतं 'विविध व्यावसायिक क्षेत्रांतील आधुनिक व्यवस्थापन कौशल्यांचा अभ्यास'. हे नाव मी पाठच करून टाकलं. कारण शेजारच्या नीलाबाईला नुसतं 'प्रोजेक्ट' म्हटलं तर तिला वाटलं थर्माकोलचा किल्ला असेल. मी अख्खं नाव एका दमात म्हणून दाखवलं तेव्हा ती गप्प झाली. नीलाबाईला गप्प करायला तिच्या नवऱ्याची सगळी हयात गेली, त्याला जमलं नाही.

आता आजकालच्या पोरींचं संशोधन म्हणजे पलंगावर लोळत मोबाइलवर बोट फिरवायचं. तनुजानं तसंच केलं आणि चांगला जाडजूड प्रोजेक्ट बांधून कॉलेजात नेऊन दिला. तिचे उमरीकर सर तो वाचून म्हणाले, हे मी मागच्या साली वाचलंय, त्याच्या मागच्या सालीही वाचलंय, आणि चुकासुद्धा त्याच आहेत. आता असं करा, तीन वेगवेगळ्या धंद्यांतली कारभारी माणसं गाठा, त्यांच्याशी समोरासमोर बोला, त्यांच्या सह्या आणा. नाही जमलं तर हे वर्ष गेलं समजा.

दुसऱ्यांच्या घरी वर्ष गेलं म्हणजे वर्ष जातं. आमच्या घरी पोरगी गेली असती. माझा मुलगा भागवत पाटबंधारे खात्यात आहे, आणि त्या खात्यातल्या माणसासारखाच आहे, एकदा पाणी सोडलं की सोडलं. त्यानं तनुजाला सांगून ठेवलं होतं की या साली पास झालीस तर नोकरी कर, मी लग्नाचं नाव काढणार नाही. नापास झालीस तर आत्यानं आणलेल्या मुखेडच्या स्थळाला मुकाट्यानं हाव म्हणायचं. पोरगी जन्मात नापास झाली नव्हती, म्हणून हाव म्हणाली.

ही आत्या म्हणजे भागवतची आत्या, माझी ननंद पंचफुला. माणूस म्हातारं होतं, केस पिकतात, दात पडतात, पण ननंदपण काही पडत नाही. मुखेडचं स्थळ म्हणजे तिच्या दिराचा मुलगा. त्यांचं मोटारसायकलींचं शोरूम आहे. मुलगा काय करतो असं विचारलं की पंचफुला म्हणायची, "शोरूमला बसतो." पुढं काही विचारलं तरी बसतोच. मी तिच्या तोंडावर बोलून गेले होते की माझी नात पास होणार, तुमच्या पुतण्याला दुसरी बघा. म्हणजे पोरीचं भविष्य आणि माझं नाक, दोन्ही एकाच दावणीला बांधलेली.

तनुजा एका दवाखान्यात गेली. तिथं म्हणाले, कॉलेजचं पत्र आणा, शिक्का मारून. कॉलेजात म्हणाले, पत्र देऊ, पण आधी दवाखान्याची संमती आणा. दवाखाना म्हणाला, पत्राशिवाय संमती कशी देणार. पोरगी ऑटोनं इकडून तिकडं फिरून बेजार झाली. शेवटी कॉलेजातल्या कोणालातरी दया आली आणि पत्र तयार झालं, तर शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली कारकुनाच्या खिशात, आणि कारकून साडूच्या वास्तुशांतीला गेलेला. कुठल्या गावाला गेला, हे कॉलेजात कोणालाच ठाऊक नव्हतं. अशा ठिकाणी व्यवस्थापन शिकवतात.

मग सल्ले सुरू झाले. नीलाबाई म्हणाली, सह्या आपणच कराव्यात, एक उजव्या हातानं, एक डाव्या हातानं. तिसरी कशानं करायची ते तिनं सांगितलं नाही. खालच्या मजल्यावरचे दगडोबा भाऊजी रिटायर झाल्यापासून माहितीच्या अधिकाराचे अर्ज लिहितात, त्यांना दुसरा विरंगुळा नाही. ते म्हणाले, वहिनी, शिक्क्यासाठी अर्ज टाकू, महिन्याभरात उत्तर येतंच. महिन्याभरात आमच्या दारात मांडव पडला असता.

तेव्हा मी पदर खोचला. मी म्हटलं, "तनुजा, तू चुकीच्या दारात उभी राहून राहिलीस. ऑफिसात माणूस बोलत नसतो, खुर्ची बोलते. खरं ऐकायचं तर घरी जावं. घरी त्याची माय असते."

माझं शिक्षण चौथी, तीही पुरती नाही. पण अर्ध्या मराठवाड्याची कुळं-मुळं मला तोंडपाठ. कोणाची लेक कुठं दिली, कोणाचा मुलगा काय झाला, एवढं आठवून मी बसल्या जागी तीन धंदे काढले. नांदेडातला एक डॉक्टर. त्याची आई रुक्मिणबाई, माहेर उमरीचं, म्हणजे माझ्या मावसजावेच्या शेजारचं. लातूरला एक डाळ मिल, ती माझ्या जुन्या ओळखीच्या लक्ष्मीबाईंच्या मुलाची, बालाजीची. आणि लातूरलाच एक क्लासवाले, शिवमूर्ती सर, त्यांची आई माझ्या माहेरच्या पाव्हण्यांतली, म्हणजे नात्यातली. दवाखाना, कारखाना, शाळा. याहून वेगळी क्षेत्रं कॉलेजवाल्यांनी तरी कुठून आणली असती.

कोणाच्या घरी जाताना हात रिकामा नको म्हणून पिशवीत नारळ आणि खण घेतला. तनुजाला साडी नेसायला लावली. ती कुरकुरली. मी म्हटलं, जीन्स घातलेल्या पोरीला लोक उत्तरं देत नाहीत, उलटे सवाल करतात.

रुक्मिणबाईंकडं आमचं असं स्वागत झालं की मला वाटलं, उगाच आठवडाभर शिक्क्याच्या मागं फिरलो. मी नारळ ठेवला आणि म्हटलं, आमच्या पोरीला तुमच्या मुलाबद्दल थोडं विचारायचंय. रुक्मिणबाईंनी घाईघाईनं पंखा मोठा केला आणि आतून चांगले कप काढले. तनुजानं कागद बघून विचारायला सुरुवात केली. हाताखाली किती माणसं आहेत, राग आला तर कसा आवरतात, दोघांत मतभेद झाले तर कोणाचं ऐकतात, वेळ कसा काढतात, पाच वर्षांनी कुठं असतील. माय अशी बोलत सुटली की पोरीचा पेन मागं पडला. मग रुक्मिणबाईंनी विचारलं, भाकर येते का, नक्षत्र कोणतं, एकुलती एक का. मी सगळं सांगितलं. मनात म्हटलं, शिक्षणाची कदर असलेलं घर आहे, विद्यार्थिनीची एवढी चौकशी कोण करतं. निघताना त्या म्हणाल्या, "आम्ही येतोच तुमच्याकडं." मी म्हटलं, या की, राहिलेलं तिथं भरून घेऊ.

लातूरला बसनं गेलो. लक्ष्मीबाईंनी तनुजाला दाराच्या चौकटीला लावून उंची बघितली. मला वाटलं, बाईंना दाराची काळजी असेल, आजकालची पोरं उंच झालीत. शिवमूर्ती सरांच्या आईनं जन्मवेळ मागितली. मला वाटलं, फॉर्माला लागत असेल, आजकाल फॉर्माला काहीही लागतं. दोन्ही घरी जेवण झालं. दोन्ही घरी ओटी भरून घेऊन आम्ही सांजेला नांदेडला आलो, तेव्हा माझी पिशवी जाताना होती त्याहून जड होती. संशोधनात माणूस रिकामा होतो म्हणतात, आम्ही भरून आलो.

उमरीकर सरांनी कागद बघितले आणि चष्मा काढला. म्हणाले, माहिती झकास आहे, पण ही सगळी आयांनी सांगितलेली आहे. मॅनेजर कुठं आहेत? सोमवारी शेवटचा दिवस. त्यांच्या तोंडची उत्तरं आणि त्यांच्या सह्या नसतील तर मी काही करू शकत नाही.

तनुजा घरी येऊन पलंगावर पडली ती उठेना. भागवतनं विचारलं, काय झालं, आणि उत्तराची वाट न बघता तो मुखेडला फोन लावायला गेला की काय, असं मला वाटलं. पण तो दाढी करायला गेला होता. तरी वाट बघण्यात अर्थ नव्हता. मी तिथंच फोन उचलला आणि तिन्ही घरी सांगितलं, "रविवारी सकाळी या. मुलाला घेऊनच या. त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय आमचं पुढं सरकत न्हाई." तिन्ही घरच्या आया अशा आनंदल्या की मला त्यांचं कौतुक वाटलं. उमरीकर सरांनाही बोलावलं, म्हटलं, स्वतः येऊन बघा, मागून कुरकुर नको. सगळ्यांना वेळ एकच दिली. एका चुलीवर चार चहा झाले तर गॅस वाचतो.

रविवारी मी सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्याचे पोहेच, त्याची मोठी कढई चढवली होती. आधी रुक्मिणबाई आल्या. संगं डॉक्टर, डॉक्टरचे वडील, आत्या, आत्याची सून, आणि गाडी चालवायला म्हणून आणलेला पण नवे बूट घालून आलेला एक पाव्हणा. हातात पेढे आणि साडी. मी म्हटलं, माझ्या खणाची परतफेड एवढी मोठी कशाला. भागवत बनियनवर पेपर वाचत होता, तो तसाच उभा राहिला. मी सुशीलाचं ताट घेऊन बाहेर आले आणि रुक्मिणबाई गोड हसून म्हणाल्या, "मुलीला जरा दारापर्यंत चालून दाखवायला सांगा."

ताट माझ्या हातून पडलं नाही, एवढंच म्हणते.

अहो, जिनं उभ्या हयातीत एवढ्यांच्या सोयरिकी जुळवल्या, तिनं नारळ घेऊन, नात नटवून, तीन लग्नाच्या मुलांच्या घरी जाऊन मुलाचा स्वभाव विचारला, ओटी भरून घेतली, आणि वर 'मुलाला घेऊन या' म्हणाली, तर लोकांनी काय समजावं? दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी तिला गावभर हसले असते. तेवढ्यात खाली दुसरी गाडी वाजली. लातूरच्या नंबरची. तिच्या मागं तिसरी.

आता आधुनिक व्यवस्थापन म्हणजे काय ते ऐका. डॉक्टरवाले समोरच्या खोलीत. मिलवाल्यांना जिन्यानं थेट गच्चीवरच्या खोलीत, म्हटलं, वर हवा चांगली आहे. क्लासवाल्यांना नीलाबाईच्या घरात, म्हटलं, आमच्याकडं पंखा बिघडलाय. भागवतला शर्ट. तनुजाला स्वयंपाकघरात उभं केलं आणि दाराला कडी लावणार, तोच मागच्या दारानं पंचफुला आली. मागं तिचा पुतण्या, केसांना तेल लावून. पोरगी नापास होणार ही बातमी मुखेडला पोचली होती. कोणी पोचवली ते सांगायला नको, तिच्याच घरात मी क्लासवाले बसवले होते. पंचफुलाच्या हाती मी कांदे आणि विळी दिली. पुतण्याला पाट दिला. तो बसला.

मोजून घटकाभर सगळं नीट चाललं. मी वर सुशीला, खाली चहा, शेजारी सरबत अशी फिरत होते, आणि तिन्ही घरच्यांना वाटत होतं की ही बाई फक्त आपल्यासाठीच पळून राहिली. पण नीलाबाईच्या ताब्यात अख्खं एक घर दिलेलं. तिच्याच्यानं राहवेना. ती गॅलरीत आली आणि माझ्या समोरच्या खोलीत ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "केवळाबाई, तुमच्याकडचा डॉक्टर बघितला, पण आमच्याकडचा मास्तर रंगानं उजळ आहे बरं का."

मग काय, सगळेच बाहेर आले. वरचे खाली आले, शेजारचे इकडं आले, पंचफुला हातात विळी घेऊन आली. समोरच्या खोलीत एवढी माणसं झाली की भागवत भिंतीला चिकटला. रुक्मिणबाईंचा चेहरा असा झाला की त्यांच्या मुलालाच बोलवावं वाटलं, पण तो तिथंच उभा होता. त्या म्हणाल्या, "आमची इज्जत काढायला बोलावलं का आम्हाला?"

लक्ष्मीबाईंनी मुलाला निघण्याची खूण केली. क्लासवाल्यांच्या माईनं चपला शोधायला सुरुवात केली. आणि त्याच वेळी दारात हेल्मेट काखेत घेऊन उमरीकर सर उभे. स्वयंपाकघराच्या दाराशी तनुजा कागद छातीशी धरून माझ्याकडं बघत होती. ही माणसं त्या जिन्यानं खाली उतरली की सह्या गेल्या, सह्यांबरोबर वर्ष, वर्षाबरोबर पोरगी. पुतण्या तर आधीच येऊन बसला होता.

माफी मागायची माझी रीत नाही. मी दारात आडवी उभी राहिले.

"इज्जत कशानं गेली?" मी म्हटलं. "मी फोनवर काय बोलले? मुलाच्या तोंडून ऐकायचंय म्हणाले. मग ऐकू द्या. आजपातुर तुम्ही आम्ही पोरींना चालवलं, वाचायला लावलं, गाणं म्हणायला लावलं. आज आमच्या घरी मुलं बोलतील आणि मुलगी लिहून घेईल. लग्नाचं वचन मी कोणाला दिलेलं न्हाई, आताही देत न्हाई. ज्यांच्या मुलाला आपल्या कामाबद्दल चार शब्द बोलता येत न्हाईत, त्यांनी खुशाल जावं. बाकीच्यांनी बसावं."

आता सांगा, कोणती माय आधी निघेल? जी निघेल तिचा मुलगा मुका. तिघी एकमेकींकडं बघत राहिल्या आणि लक्ष्मीबाई आधी बसल्या. मग सगळ्याच बसल्या. मी सतरंजी अंथरली, तिघांना ओळीनं बसवलं. पंचफुलानं पुतण्याला पाठीत ढोसून चौथा बसवला, आपला पुतण्या कमी का म्हणून. उमरीकर सरांना खुर्ची दिली. तनुजा समोर बसली आणि तिनं घसा साफ केला.

पहिला सवाल, हाताखालच्या माणसाची चूक झाली तर काय करता? डॉक्टर म्हणाले, मी शांतपणे समजावून सांगतो. रुक्मिणबाईंना राहवलं नाही. त्या सगळ्यांकडं बघून अभिमानानं म्हणाल्या, "आमचा बबलू लई शांत. परवा कंपाउंडरला असं शांतपणे समजावलं की तो तेव्हापासून कामावर आलाच न्हाई." डॉक्टरांचे कान लाल झाले. तनुजानं दोन्ही उत्तरं लिहून घेतली.

शिवमूर्ती सर म्हणाले, याचे तीन मुद्दे आहेत, आणि फळा शोधायला इकडं तिकडं बघू लागले. पहिल्या मुद्द्याचे चार उपमुद्दे निघाले. त्यांची माय मधेच म्हणाली, घरी पण असंच, भाजीत मीठ कमी पडलं तर आधी मिठाची व्याख्या सांगतो, तोवर भाजी थंड. बालाजी तर प्रत्येक सवालाला आईकडं बघायचा. तूर कधी घ्यायची, माणसं कशी नेमायची, भांडण कसं मिटवायचं, सगळ्याला लक्ष्मीबाईच बोलल्या, आणि असं बोलल्या की उमरीकर सरांनी खिशातून स्वतःचा पेन काढला. एका माईनं चूक काढली की दुसरीनं तिच्या मुलाची काढायची, म्हणजे दवाखान्याचं खरं क्लासवाल्यांकडून कळलं आणि क्लासचं खरं मिलवाल्यांकडून. ऑफिसात वर्षभर बसून एवढं निघालं नसतं.

शेवटी सरांनीच पुतण्याला विचारलं, तुमच्याकडं निर्णय कोण घेतं?

"पप्पा."

"मग तुम्ही काय करता?"

"मी बसतो."

भागवत हसला. एवढ्या माणसांसमोर माझा मुलगा मोठ्यानं हसला, आणि पंचफुलानं विळी खाली ठेवली. तेव्हाच मी ओळखलं, मुखेडची गाडी परत मुखेडला जाणार.

सह्यांच्या वेळी कोणाच्या मुलाची सही आधी यावर वाद झाला, तो मी वयावर मिटवला. बालाजीच्या कागदावर सरांनी लक्ष्मीबाईंची सही मागितली. म्हणाले, मिल या चालवतात, मॅनेजर याच. लक्ष्मीबाईंनी सही अशी ठोसून केली की कागदाच्या मागं उमटली. निघताना त्यांनी तनुजाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "केवळाबाई, सून न्हाई तर न्हाई. पास झाली की मिलवर कामाला पाठवा. सुनेला पगार द्यावा लागत न्हाई, हिला देऊ, एवढाच फरक."

मी म्हटलं, तो फरक लहान नाही, आणि पगाराचं तनुजाशी बोला, ती मुलगी बघायला येणाऱ्यांशी बोलत नाही, पण कामाला बोलावणाऱ्यांशी बोलते.

सगळे गेल्यावर मी पहिल्यांदा खाली टेकले. नवे बूट घालून आलेला पाव्हणा जाताना दगडोबा भाऊजींच्या चपला घालून गेला होता, त्यावरून खाली आरडाओरड चालली होती. त्यांना एका अर्जाचा विषय मिळाला. मी तनुजाला विचारलं, "तुला कधी कळलं गं, की ते लोक सोयरीक समजून राहिले?"

"पहिल्याच घरी," ती म्हणाली.

"मग बोलली कामून न्हाईस?"

"आजी, माहिती येत होती की."

आमच्या घराण्यात हे डोकं कुठून आलं, हे मला विचारायची गरज वाटली नाही.

तनुजा फर्स्ट क्लासात पास झाली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या साहेबांनी विचारलं, ही माणसं कोणत्या पद्धतीनं निवडली? ती म्हणाली, आजीच्या पाव्हण्यांतून. साहेब म्हणे खूप वेळ पान उलटत बसले आणि मग म्हणाले, या पद्धतीला पुस्तकात नाव आहे. असणारच. पुस्तकवाल्यांनाही आज्या असतील. आता पोरगी लातूरला मिलवर आहे. लक्ष्मीबाई आणि ती रोज भांडतात आणि मिल चांगली चालली आहे. भागवतनं लग्नाचं नाव काढलेलं नाही. पाणी सोडलं की सोडलं.

मागच्या आठवड्यात पंचफुला आली. संगं तिची नात करिश्मा, तोंड पाडून. पंचफुलानं पहिल्यांदा माझ्या पाया पडायचा बेत केला, मग कंबर धरली आणि तसंच बसून बोलली. करिश्माला उदगीरचं स्थळ आलंय, मुलगा मोठा मॅनेजर आहे म्हणतात, पण काय करतो ते कोणी नीट सांगत नाही. "वैनी," ती म्हणाली, "तुम्ही आणि तनुजा एकदा जाऊन या. तुमचे ते सवाल विचारा. तेवढं संशोधन आमच्या पोरीचं करून द्या."

मी सुपारी कातरत होते. मी अडकित्ता खाली ठेवला, चष्मा चढवला आणि म्हटलं, "करू की. आधी कॉलेजचं पत्र घेऊन ये. शिक्का मारून."